ओटू सेन्सरचे आकडे मोबाईलवर वाचताना: स्वस्त ओबीडी अ‍ॅडॅप्टरचा अनेक महिन्यांचा अनुभव

चेक इंजिनचा दिवा लागला म्हणून महागडा सेन्सर बदलण्याआधी हजार रुपयांच्या आतला एक गाडीच्या ओबीडी (बिघाड तपासण्याच्या) सॉकेटमध्ये बसणारा ब्लूटूथ अ‍ॅडॅप्टर घ्यावा, असे मी आज कोणालाही मोकळेपणाने सांगेन. मात्र त्याच्या जोडीने मोबाईलवर दिसणारे आकडे जसेच्या तसे खरे मानू नयेत, हेही तितक्याच आग्रहाने सांगेन. माझी गाडी २०१४ सालची, बीएस-४, चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक आहे. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर तिच्यात पी०१७१ हा कोड आला, म्हणजे बँक १ चे (सिलिंडरच्या पहिल्या गटाचे) मिश्रण लीन, पेट्रोलच्या मानाने हवा जास्त. अधिकृत सर्व्हिस सेंटरने स्कॅनर लावला आणि बॉनेट न उघडताच पुढचा ऑक्सिजन सेन्सर बदलण्याचे साडेसात हजारांचे अंदाजपत्रक हातात दिले. तेवढ्याने दिवा गेला नाही तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही (धूर शुद्ध करणारा भाग) बघावा लागेल, असे वर सांगितले. कन्व्हर्टरची किंमत ऐकल्यावर मी गाडी परत आणली आणि अ‍ॅडॅप्टर मागवला.

पी०१७१ हा कोड मिश्रणाबद्दल बोलतो, सेन्सरबद्दल बोलत नाही. पुढच्या सेन्सरच्या स्वतःच्या दोषांसाठी पी०१३० ते पी०१३५ असे वेगळे कोड राखून ठेवलेले आहेत. त्यांतला पी०१३३ म्हणजे सेन्सर मंद झाला आणि पी०१३५ म्हणजे त्याच्या हीटरचे सर्किट बिघडले. यांपैकी एकही कोड माझ्या गाडीत नव्हता. तरीही ज्याने 'लीन आहे' असे कळवले त्यालाच काढून टाकण्याचा सल्ला मला मिळाला, आणि या परीक्षणात जो काही तिखटपणा येईल त्याचे मूळ तेथे आहे.

सेन्सर नेमके काय मोजतो, हे येथे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. बॉशने बनवलेला लॅम्डा सेन्सर, म्हणजे हाच ऑक्सिजन सेन्सर, १९७६ साली प्रथम व्होल्वोच्या गाड्यांत बसला आणि आजही बहुसंख्य बीएस-४ गाड्यांत त्याच तत्त्वाचा झिर्कोनियाचा सेन्सर असतो. त्याचे सिरॅमिक साधारण तीनशे अंश सेल्सिअसच्या वर तापले, की धुरातला ऑक्सिजन आणि बाहेरच्या हवेतला ऑक्सिजन यांच्यातील फरकामुळे त्यात व्होल्टेज निर्माण होते. मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) असेल तर सुमारे ०.८ ते ०.९ व्होल्ट, लीन असेल तर ०.१ च्या आसपास, आणि उंबरठा ०.४५ चा. मिश्रण उंबरठ्याच्या कोणत्या बाजूला आहे एवढेच तो सांगतो, किती दूर आहे हे सांगत नाही. म्हणून ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) पेट्रोल सतत किंचित वाढवत आणि किंचित कमी करत राहतो, आणि निरोगी सेन्सरचे व्होल्टेज गरम इंजिनवर कधीही एका जागी थांबत नाही. तो पेट्रोल मोजत नाही, फक्त ऑक्सिजन मोजतो, ही गोष्ट पुढच्या सगळ्या कथनाचा पाया आहे.

आता उपकरणाकडे वळतो. पहिल्या आठवड्यात माझे मत अत्यंत प्रतिकूल झाले होते. अ‍ॅपच्या तयार पडद्यावर आरपीएम, तापमान, वेग, लोड, दोन्ही सेन्सरचे व्होल्टेज, दोन्ही ट्रिम (पेट्रोलच्या मात्रेतली दुरुस्ती) असे दहा-बारा आकडे एकत्र मांडलेले होते आणि सेन्सर १ ची, म्हणजे पुढच्या सेन्सरची, रेषा सुस्तपणे वर-खाली होत होती. ती पाहून कोणीही म्हणाला असता, की सेन्सर मंद झालेला आहे आणि सर्व्हिस सेंटरचे म्हणणे योग्य आहे. पण मग पी०१३३ का नाही, या प्रश्नाचे उत्तर मिळेना. ईसीयू स्वतः सेन्सरच्या वेगावर नजर ठेवतो आणि त्याला तो मंद वाटत नव्हता. मंद दिसत होता तो फक्त माझ्या मोबाईलवर.

अ‍ॅडॅप्टर गाडीला एका वेळी एकच प्रश्न विचारतो, उत्तराची वाट पाहतो आणि मग पुढचा प्रश्न विचारतो. माझ्या गाडीची कॅन वाहिनी (आतल्या संदेशांची तार) सेकंदाला ५०० किलोबिट वाहून नेते, म्हणजे अडचण गाडीकडे नाही. अडचण स्वस्त चिप आणि ब्लूटूथ यांच्याकडे आहे. माझ्याकडील अ‍ॅडॅप्टर सेकंदाला सहा-सात उत्तरे आणतो. दहा-बारा आकडे लावून ठेवले तर सेन्सर १ ची पाळी दीड-दोन सेकंदांनी येते. आणि २५०० आरपीएमला चांगला सेन्सर एका सेकंदात रिचकडून लीनकडे जाऊन परतही येऊ शकतो. मधूनमधून डोळे उघडून झोपाळ्याची गती सांगता येत नाही, त्यातलाच हा प्रकार झाला. त्यात भर म्हणजे अ‍ॅप मिळालेले विरळ बिंदू गुळगुळीत वक्ररेषेने जोडते आणि मधल्या काळात काय घडले हे आपल्याला माहीत आहे असा आभास निर्माण करते. मला हे अप्रामाणिक वाटते. केवळ बिंदू दाखवले असते, तर वाचणाऱ्याला उणीव लगेच कळली असती.

यावर उपाय मात्र सोपा निघाला आणि तेथे माझे मत बदलले. बाकीचे सगळे आकडे काढून टाकले, पडद्यावर फक्त सेन्सर १ चे व्होल्टेज ठेवले, इंजिन पूर्ण गरम केले आणि आरपीएम २५०० वर धरून ठेवला. पीयूसी केंद्रात हाय आयडल चाचणी याच २५०० च्या आसपासच्या आरपीएमवर घेतात आणि तेथे लॅम्डा (प्रत्यक्ष हवा-इंधन प्रमाण भागिले आदर्श प्रमाण) ०.९७ ते १.०३ च्या दरम्यान असावा लागतो, त्यामुळे तुलनेसाठीही हा आकडा सोयीचा आहे. तीच सुस्त रेषा आता ०.१ आणि ०.८ यांच्यामध्ये झपाट्याने ये-जा करू लागली. अ‍ॅक्सिलरेटर एकदम दाबला की ०.८५ च्या वर आणि सोडला की शून्याजवळ. कात्रजच्या जुन्या घाटातून शिंदेवाडीकडे गिअरमध्ये उतरताना ईसीयू पेट्रोल बंद करतो, तेव्हा व्होल्टेज शून्यालगत खाली चिकटून राहते आणि पाय अ‍ॅक्सिलरेटरवर गेला की पुन्हा उसळते. थंड इंजिन सुरू केल्यानंतर मिनिटभरात क्लोज्ड लूप (सेन्सरच्या वाचनानुसार पेट्रोल ठरवणे) लागत होता, म्हणजे हीटरही शाबूत होता. साडेसात हजारांच्या सेन्सरला निर्दोष ठरवायला एवढा पुरावा मला पुरेसा वाटला.

आता त्या एका आकड्याबद्दल लिहितो, ज्याने मला उपकरणातल्या बाकी सर्व उणिवांपेक्षा जास्त संताप आणला: ९९.२. सेन्सर २, म्हणजे कन्व्हर्टरच्या पलीकडचा सेन्सर, याच्या नावाखाली अ‍ॅप 'फ्युएल ट्रिम बँक १ सेन्सर २: ९९.२ टक्के' असे दाखवते, आणि माझ्या अ‍ॅपमध्ये तर ते लाल रंगात दाखवते. गाडी थंड असो वा गरम, उभी असो वा पळत असो, आकडा हलत नाही. ट्रिम म्हणजे ईसीयूने मूळ हिशेबापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवले किंवा कमी केले, हे ज्याला ठाऊक आहे त्याला ९९ टक्के वाचून धडकीच भरेल, कारण त्याचा अर्थ पेट्रोल दुप्पट जात आहे असा होतो.

प्रत्यक्षात त्यात काहीही घडत नसते. ओबीडीच्या प्रमाणित संदेशात प्रत्येक सेन्सरसाठी दोन बाइट येतात. पहिल्याला दोनशेने भागले की व्होल्टेज मिळते. म्हणूनच व्होल्टेज नेहमी ०.००५ च्या पायरीने बदलते. दुसऱ्या बाइटमध्ये ट्रिम असतो: त्यातून १२८ वजा करायचे, शंभरने गुणायचे आणि १२८ ने भागायचे. सेन्सर ट्रिमच्या हिशेबात वापरलाच जात नसेल, तर गाडी त्या जागी मुद्दाम सर्वांत मोठा आकडा २५५ पाठवते. 'हे वाचन लागू नाही' असे सांगण्याची ती ठरलेली खूण आहे. सॉफ्टवेअरने ही खूण न ओळखता सूत्र चालवले, की २५५ वजा १२८ म्हणजे १२७, आणि त्याचे ९९.२ टक्के होतात. प्रमाणित दस्तऐवजात स्पष्ट सांगितलेली ही गोष्ट ओळखायला सॉफ्टवेअरमध्ये एका ओळीची अट पुरेशी आहे. ज्या अ‍ॅपच्या पूर्ण आवृत्तीसाठी मी पैसे मोजले, त्यात पडद्याच्या पार्श्वभूमीचे चित्र बदलण्याची सोय आहे, डायलचे डझनभर नमुने आहेत, पण ही एक अट नाही. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांना हाच लाल आकडा दाखवून रस्त्याकडेच्या एका गॅरेजने मागचा सेन्सर बदलायला लावला. नव्या सेन्सरवरही आकडा ९९.२ च राहिला, कारण तो राहणारच होता. ज्या माणसाने काटकसर करण्यासाठी अ‍ॅडॅप्टर घेतला, त्याचा खिसा याच अ‍ॅडॅप्टरच्या निमित्ताने कापला जावा हे मला सहन होत नाही. विकासकाला मी सूत्रासकट लिहून कळवले आहे.

खरा उपयोगी ट्रिम निराळा असतो: बँक १ चा शॉर्ट टर्म (त्या क्षणाचा) आणि लाँग टर्म (शिकून साठवलेला). माझ्या गाडीत आयडलवर (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता) लाँग टर्म अधिक १९ च्या आसपास होता आणि २५०० आरपीएमला तो अधिक ६ वर उतरत होता. संपूर्ण निदान या दोन आकड्यांत होते. पेट्रोलचा दाब कमी पडत असता तर जास्त लोडवर परिस्थिती बिघडली असती, येथे ती सुधारत होती. इनटेकच्या (हवा आत घेणाऱ्या मार्गाच्या) व्हॅक्युम पाइपातली गळती हा दुसरा संशयित. परंतु माझ्या गाडीत एमएएफ (हवेचा प्रवाह मोजणारा) नसून एमएपी (मॅनिफोल्डचा दाब मोजणारा) सेन्सर आहे आणि इनटेकमध्ये चोरून शिरलेली हवा मॅनिफोल्डच्या दाबातून एमएपीला बऱ्याच अंशी कळते, त्यामुळे तेवढ्याने ट्रिम इतका चढण्याची शक्यता कमी. राहिली सेन्सरच्या आधी एक्झॉस्टमध्ये कोठेतरी असलेली फट. एक्झॉस्टमधला दाब ठोक्याठोक्याने वर-खाली होतो आणि आयडलवर त्याच्या उतारात बाहेरची हवा आत ओढली जाते. धुराचा प्रवाह वाढला की ती मात्रा नगण्य होते. आत आलेल्या हवेतला ऑक्सिजन सेन्सर इमानाने मोजतो, ईसीयू त्याला लीन मिश्रण समजतो आणि गरज नसताना पेट्रोल ओततो. शहरातल्या रहदारीत माझे अ‍ॅव्हरेज का घसरले होते, याचे उत्तरही त्यातच होते.

हा सगळा आलेख घेऊन मी सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो. तेथील सल्लागार सौजन्याने बोलले, पण त्यांचे म्हणणे एवढेच होते: "सर, मोबाईलवरच्या आकड्यांवर आम्हाला काम करता येत नाही. आमच्या स्कॅनरवर जो कोड येतो, त्याप्रमाणे पार्ट." त्यांच्या स्कॅनरवरही हेच ट्रिम दिसतात, ते एकदा उघडून पाहावेत, अशी विनंती मी दोनदा केली. ती मान्य झाली नाही. शेवटी घराजवळच्या गॅरेजमधल्या मिस्त्रींना आलेख दाखवला. त्यांनी तो पाहिला, मान हलवली आणि म्हणाले, "साहेब, गाडी रात्री इथेच ठेवा. थंड इंजिनवर सकाळी आवाज सापडतो, गरम झाल्यावर लोखंड फुगतं आणि मग काही कळत नाही." सकाळी एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या कडेला टकटक आवाज आणि काजळीची काळी रेघ, दोन्ही सापडले. मॅनिफोल्डची पॅकिंग गेली होती आणि एक स्टड ढिला झाला होता. पॅकिंग, स्टड आणि मजुरी मिळून खर्च दीड हजारांच्या आत आला. त्यानंतर काही दिवसांत लाँग टर्म हळूहळू अधिक ३ वर स्थिरावला आणि चेक इंजिनचा दिवा पुन्हा लागला नाही.

येथे एक इशारा देणे मला आवश्यक वाटते. अ‍ॅपमधले 'कोड पुसा' हे बटण दुरुस्तीआधी दाबू नये. त्याने कोडबरोबर फ्रीझ फ्रेम, म्हणजे कोड आला त्या क्षणीचे आकडे, हेही जातात. मॉनिटर (ईसीयूच्या स्वतःच्या तपासण्या) पुन्हा अपूर्ण अवस्थेत येतात आणि बऱ्याच गाड्यांत शिकलेले ट्रिमही शून्यावर परततात. सर्व्हिस सेंटरने स्कॅन करून कोड पुसूनच गाडी परत दिली होती, त्यामुळे ट्रिम पुन्हा चढेपर्यंत मला बरीच गाडी चालवावी लागली.

पॅकिंगचे काम झाल्यानंतर मी सेन्सर २ कडे लक्ष दिले, कारण कन्व्हर्टरबद्दलची भीती मनातून गेली नव्हती. भारतात १ एप्रिल २०१३ पासून बीएस-४ गाड्यांना ओबीडीचा दुसरा टप्पा लागू झाला, त्यामुळे कन्व्हर्टरवर पाळत ठेवणारा मागचा सेन्सर माझ्या गाडीत आहे. कन्व्हर्टर चांगला असेल तर तो ऑक्सिजन साठवतो आणि सोडतो, म्हणून मागचे व्होल्टेज एकसारख्या वेगाने चालताना ०.६ ते ०.७ च्या आसपास जवळजवळ स्थिर राहते. कन्व्हर्टर निकामी होत गेला की मागचा सेन्सर पुढच्याची नक्कल करू लागतो. म्हणजे पुढचा स्थिर राहिला तर चिंता आणि मागचा नाचू लागला तर चिंता, हे उलटे गणित नवख्याला कळावे असे काहीही अ‍ॅपमध्ये नाही. नोंदींची फाइल वापरणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट: तिच्या एका ओळीत दोन्ही सेन्सरचे आकडे शेजारीशेजारी दिसतात, पण ते एकाच क्षणी घेतलेले नसतात, त्यामुळे ओळीला ओळ लावून तुलना करू नये. माझा मागचा सेन्सर ताशी साठच्या स्थिर वेगाला ०.६५ च्या आसपास राहतो आणि त्यावर मी समाधानी आहे.

२०२३ पासून आपल्याकडे पंपांवर ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेले) पेट्रोल येऊ लागले, त्याचाही परिणाम या आकड्यांत दिसतो आणि अनेकजण तो बिघाड समजतात. निव्वळ पेट्रोलला हवेचे प्रमाण वजनाने १४.७ ला १ लागते, इथेनॉलला सुमारे ९ ला १. म्हणून ई-१० साठी ते १४.१ च्या आणि ई-२० साठी १३.५ च्या आसपास येते. ई-१० वर जुळवलेल्या गाडीत ई-२० भरले, तर तोच लॅम्डा राखण्यासाठी ईसीयूला सुमारे चार टक्के जास्त इंधन द्यावे लागते आणि लाँग टर्म तेवढा वर सरकतो. माझा अधिक ३ त्यातलाच असावा. अ‍ॅपवरचे 'एअर फ्युएल रेशो' मात्र लॅम्डाला डोळे झाकून १४.७ ने गुणते, त्यामुळे ई-२० वरही १४.७ दिसते आणि सीएनजीवरही १४.७ दिसते, जरी मिथेनला प्रत्यक्षात १७.२ च्या आसपास हवा लागते. तो डायल मी काढून टाकला आहे. लॅम्डा तेवढा पाहावा.

ज्यांच्या गाडीत पुढे वाइडबँड सेन्सर आहे, त्यांना वरचे व्होल्टेजचे नियम लागू होत नाहीत. त्यात करंट मोजतात, लॅम्डा थेट मिळतो आणि निरोगी वाचन जवळजवळ स्थिर असते. माझ्या अमेरिकेतल्या मावसभावाच्या जुन्या टोयोटात पुढचा सेन्सर कायम ०.६६ व्होल्ट दाखवत होता आणि तो अडकला आहे असे त्याला वाटत होते. त्या काळच्या टोयोटा गाड्यांत ३.३ व्होल्ट हे खरे मूल्य जुन्या ओबीडी मोजपट्टीत बसवण्यासाठी पाचाने भागून पाठवले जात असे, म्हणजे ०.६६ हे अगदी बरोबर मिश्रणाचे लक्षण होते. अ‍ॅपने दोन्ही प्रकारच्या सेन्सरना एकच डायल आणि एकच लाल-हिरवी पट्टी दिली होती.

हार्डवेअरबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. खोक्यावर 'ईएलएम ३२७, आवृत्ती १.५' असे छापलेले असते. मूळ कॅनेडियन कंपनीने १.५ ही आवृत्ती कधी काढलीच नव्हती, म्हणजे ती नक्कलच आहे, आणि सेन्सर वाचण्यापुरती ती चालते. ओबीडी सॉकेटच्या १६ क्रमांकाच्या पिनला किल्ली बंद असतानाही बॅटरीचा पुरवठा असतो, म्हणून गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर अ‍ॅडॅप्टर काढून ठेवावा. जोडणीचा संकेतांक बहुधा १२३४ असतो आणि तो बदलता येत नाही, हेही तो कायम लावून न ठेवण्याचे एक कारण आहे.

अ‍ॅडॅप्टरला मी पाचपैकी चार गुण देतो. वेग कमी आहे, पण किंमत पाहता तक्रार नाही. अ‍ॅपला अडीच. विकासकाचे उत्तर आले, त्यात सेन्सर २ चा डायल पडद्यावरून काढून टाकावा असे सुचवले आहे. ते मला मान्य नाही, कारण मी तो काढला तरी उद्या नव्याने अ‍ॅप उतरवणाऱ्याच्या पडद्यावर तो असणारच. त्यानंतर एक अपडेट येऊन गेले. डायलचे दोन नवे नमुने आले आणि ९९.२ अजून तेथेच आहे. हे दुरुस्त होताच अर्धा नव्हे, पूर्ण एक गुण वाढवून येथेच तशी नोंद करीन.